पार्ट म्हंजे पार्ट

आमचे घरमालक धर्मादादा मोबाइलवर जुन्या फोनोच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, जाहिराती बघतात आणि विकणाऱ्याला फोन लावून पहिला प्रश्न विचारतात, "गेलाय ना नक्की?" चालू फोनो त्यांना नको असतो. समोरचा बिचारा "थोडा वाजतो हो" म्हणाला, की दादा फोन ठेवून देतात.

वाशीगावात त्यांच्या भातशेतीच्या जागेवर आता त्यांची इमारत आहे. तळमजल्याच्या गाळ्यात दुकान भाड्याने द्यायचं सोडून दादांनी फोनो भरलेत. कुणाला कर्णा नाही, कुणाच्या पेटीला वाळवी. "पार्टसाठी घेतोय," असं ते बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात. विकणारा आजोबांच्या आठवणी सांगू लागला, की त्याला मध्येच तोडतात. "पार्ट म्हंजे पार्ट. त्याला नातीगोती नाय."

मी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. नळ गळतो हे सांगायला गेलो, की पेटीत उजेड पाडायला माझ्या हातात टॉर्च येतो. तबकडीला मात्र बोट लावायचं नाही. लावलं तर खोली खाली करावी लागेल, अशी ताकीद आहे. नळ अजून गळतोय.

यंदा नातीच्या हळदीत फोनो वाजवायचाच, असा दादांनी हट्ट धरला. मुलाने डीजे ठरवलेला. नातीने आजोबांची बाजू घेतली म्हणून कशीबशी पाच मिनिटं मिळाली. दादांनी एका पेटीत वर्षभर जीव ओतला. गाळ्यातल्या सगळ्या स्प्रिंगा थकलेल्या. धड एकच निघाली, रत्नागिरीहून आलेल्या मोडक्या फोनोतली. ती बसली आणि पेटी वाजली.

हळदीच्या सकाळी रत्नागिरीहून एका बाईंचा फोन आला. तो फोनो त्यांच्या दिवंगत यजमानांचा. त्या बहिणीकडे गेल्या असताना मुलाने न विचारता विकून टाकला होता. परत मागत नव्हत्या. एकदा ऐकवाल का, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी हळूच सुचवलं, तुमची तयार पेटीच वाजवा, फोनवर काय कळतंय. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नळाचा विषय कायमचा मिटला.

"तिला कलेल," ते म्हणाले.

त्यांनी आपल्या पेटीतली स्प्रिंग काढली, रत्नागिरीच्या फोनोत बसवली, सुईचं डोकं चढवलं, चावी दिली. मी मोबाइल कर्ण्यापाशी धरला. गाणं मध्येच जरा रेंगाळलं आणि पुन्हा चालू लागलं. पलीकडून बाई म्हणाल्या, "हाच. इथेच तो दम घेतो."

तबकडी संपल्यावर दादांनी एपीएमसी मार्केटातून आणलेल्या आंब्याच्या खोक्यात पेंढा भरायला घेतला आणि बाईंचा पत्ता लिहून घ्यायला मला सांगितलं. मी विचारलं, स्प्रिंग काढायची राहिली ना, हळदीचं काय?

"माझ्या बापानं आमचा फोनो आयेला न इचारता इकला," दादा खोक्याकडे बघत म्हणाले. "आय मरंपरत फोनोची रिकामी फली पुसायची."

संध्याकाळी डीजेवाला थांबला. मांडवात दादांची पेटी होती, पण आत स्प्रिंगच नव्हती. दादांनी सुई टेकवली आणि तबकडी बोटाने फिरवायला लागले. गाणं कधी बाईचं वाटे, कधी बाप्याचं. पाहुणे हसले, मीही हसलो. मग हळद लागलेली नात पाटावरून उठली. बायका तिला बसवू लागल्या, तोवर तिने आजोबांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं होतं. गाणं काही सरळ झालं नाही. पाच मिनिटं केव्हाच उलटली, पण डीजेवाल्याला कुणी खूण केली नाही.

त्या तबकडीवर बोटाचा पिवळा डाग आहे. दादा बाकीच्या तबकड्या पुसतात, ही पुसत नाहीत. मला या माणसाविषयी फार माया वाटते. नळासाठी मी बादली घेतली आहे.