एक जागा उपलब्ध आहे

लोथार ब्रिंकमानने जिन्यात नोटीस लावायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. तोंडाने विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण तोंडाने विचारायचं म्हणजे आधी कुणाच्या तरी दाराची बेल वाजवायला हवी. जर्मनीतल्या गेल्सनकिर्शन शहरातल्या त्या सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत त्याने अकरा वर्षांत जेव्हा जेव्हा बेल वाजवली, तेव्हा ती तक्रार करण्यासाठीच.

त्याच्याकडे एक वही होती. तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार, कालावधी असे चार रकाने आखलेली. (पालिकेच्या पाणीखात्यात अडतीस वर्षं काढल्यावर माणसाला रकान्यांशिवाय झोप लागत नाही.) तळमजल्यावरच्या उचारांचं दुपारी दोनला भिंतीत खिळा ठोकणं, समोरच्या सोबोटकाबाईंचं रात्री दहा वाजून चार मिनिटांनी सोफा सरकवणं, सगळं त्या वहीत होतं. पहिली नोंद मात्र स्वतःच्याच बायकोची होती. 'स्वयंपाकघर. गाणं. पस्तीस मिनिटं.' रोझविटाने ती वाचली, पोट धरून हसली आणि खाली लिहिलं, 'चाळीस.'

रोझविटा गात असे ती मारेन लिंडॉर्फची गाणी. या बाईसाठी सगळा देश वेडा होता, एकटा लोथार सोडून. तिचा मोठा दौरा जाहीर झाला, चौदा शहरं आणि चौदा स्टेडियमं, तेव्हा रोझविटाने दीड वर्ष आधीच दोन तिकिटं काढून फ्रिजवर चुंबकाने चिकटवली. फेब्रुवारीत रोझविटा गेली. तिकिटं चिकटलेलीच राहिली.

इस्पितळात ती त्याला बजावून गेली होती. "जागा वाया घालवू नकोस, लोथार. कुणालातरी बरोबर घेऊन जा. आणि कानात बोळे घालायचे नाहीत."

बोळ्यांचं जमण्यासारखं होतं. पण 'कुणालातरी' म्हणजे कुणाला? लोथारने दोन रात्री विचार केला, आणि अख्ख्या शहरात आपल्याला बरोबर नेता येईल असं एकही माणूस नाही, हे त्याला उमगलं. वहीत त्याची नोंद करायला रकाना नव्हता. तेव्हा त्याने नोटीस लिहिली.

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, शनिवार दिनांक १४ जून रोजी सायंकाळी साडेसात वाजता श्रीमती मारेन लिंडॉर्फ यांच्या गाण्यांचा कार्यक्रम होणार आहे. मोठा आवाज होईल हे गृहीत धरावे. कार्यक्रम अकरापर्यंत चालेल. एक जागा उपलब्ध आहे. गुरुवारी सायंकाळी सहापूर्वी लेखी कळवावे. ब्रिंकमान, दुसरा मजला, डावीकडे.'

स्टेडियमचं नाव त्याने घातलं नाही. चौकाचौकात त्या बाईचं थोबाड टांगलेलं असताना शाई कशाला खर्च करा! आणि आवाजाचं वाक्य टाकलं ते प्रामाणिकपणे, म्हणजे बरोबर येणाऱ्याने मागाहून कटकट करायला नको.

आता अशा घरांच्या जिन्यात तारीख, वेळ आणि आवाज असा कागद लागतो तो एकाच कारणासाठी. माझ्या घरी पार्टी आहे, जरा सांभाळून घ्या, नाहीतर सरळ प्यायला या. हे पोराबाळांनाही ठाऊक असतं. लोथारलाही ठाऊक होतं, कारण असले कागद तो वहीला टाचून ठेवत असे. पण स्वतःच्या घरी पार्टी ही कल्पनाच त्याच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

सोबोटकाबाईंनी त्याला टपालपेट्यांपाशी गाठलं.

"ब्रिंकमानसाहेब, अकरापर्यंत?"

"उशीर झाला तर सव्वाअकरा."

"दहानंतर शांतता, हे तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलंत!"

"माझ्या हातात काही नाही हो. सगळं त्या बाईंवर आहे."

"बरं, माणसं किती?"

"साठ हजार."

सोबोटकाबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "विनोद करायला लागलात! चांगलं आहे. तेवढंच मन रमतं."

"आग पण असते म्हणे मध्ये मध्ये."

"आगबिग काही नको हं!"

"अग्निशमन दलाची परवानगी असते," लोथारने धीर दिला.

बाई निघाल्या आणि पायरीवरून परत वळल्या. "पण एकच जागा का हो?"

"दोनच आहेत. एक माझी."

सोबोटकाबाईंचे डोळे भरून आले. या माणसाच्या घरात दोनच खुर्च्या! बायकोच्या आठवणीत तिच्या आवडीच्या रेकॉर्डी वाजवणार, आणि बसायला काय, तर एक खुर्ची! संध्याकाळपर्यंत ही बातमी तळमजल्यापासून माळ्यापर्यंत पोचली.

गुरुवारी सहाला लोथारने टपालपेटी उघडली. चार चिठ्ठ्या. उचारांची, 'आमची हरकत नाही.' माळ्यावरच्या जोडप्याची, 'हरकत नाही, मजा करा!' पहिल्या मजल्याची, 'हरकत नाही.' सोबोटकाबाईंची, 'दहानंतर दार लावून घ्या. बाकी हरकत नाही.' जागा कुणालाच नको होती. फुकट तिकीट, तेही ज्यासाठी लोक रात्रभर रांगा लावत होते. लोथारने चिठ्ठ्या तारखेनुसार लावून ठेवल्या. चूक गाण्यांची नव्हती, बरोबर नेणाऱ्याची होती, असं त्याच्या मनाने घेतलं आणि ते त्याला फार लागलं.

शनिवारी तो चार वाजताच ट्रामने निघाला. स्टेडियमात आपली जागा शोधली आणि शेजारच्या खुर्चीवर कोट पसरून ठेवला. एका बाईने विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"आहे," लोथार म्हणाला.

मग मारेन लिंडॉर्फ आली, ती सोनेरी झोपाळ्यावर बसून लोकांच्या डोक्यांवरून तरंगत. (झोपाळ्याची तपासणी शेवटची कधी झाली असेल, हा लोथारचा पहिला विचार.) ज्वाळा उठल्या, फुगे सुटले, साठ हजार माणसं एका सुरात गाऊ लागली. आणि लोथारला कळलं की आपल्याला सगळी गाणी येतात. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून तीस वर्षं ऐकलेली, शब्दन्‌शब्द. तो गायला लागला. पहिलं कडवं झालं, आणि रोझविटा जिथे दर वेळी सूर चढवताना घसरायची ती ओळ आली. तिथे मारेन लिंडॉर्फ काही घसरली नाही. लोथारचा मात्र आवाजच गेला. साठ हजार माणसांत त्याला इतकं एकटं वाटलं, जितकं रिकाम्या घरात कधी वाटलं नव्हतं. त्याने कोटाची बाही नीट केली आणि हात तिथेच राहू दिला.

घरी पोचायला पाऊण वाजला. जिन्यातला दिवा त्याने लावला नाही, बटण खटकन वाजतं म्हणून. बूट हातात घेतले आणि मोज्यांवर वर चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर, त्याच्याच दारापाशी, शेजाऱ्यांनी आणलेल्या नऊ घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. पहिलीला त्याचा गुडघा लागला. नऊच्या नऊ खुर्च्या तळमजल्यापर्यंत गेल्या. त्यांच्या पाठोपाठ बटाट्याच्या सॅलडचा एक टोपही गेला, तो झाकणासकट.

सगळे दिवे लागले, सगळी दारं उघडली.

"कुठे होतात तुम्ही?" रात्रीच्या झग्यातल्या सोबोटकाबाई ओरडल्या. "साडेसातपासून तुमची बेल बडवतोय!"

"स्टेडियमात."

"आणि पार्टी?"

"कसली पार्टी?"

खालून उचार कठड्याला धरून वर बघत म्हणाले, "साहेब, आम्ही अकराजण तासभर जिन्यात उभे! माझ्या बायकोने चीज भरून चाळीस बोरेक तळले! कुणी खायचे ते?"

"मी तर लिहिलं होतं, एक जागा उपलब्ध आहे. माझ्या शेजारची. ती रिकामीच राहिली."

टोपाचं झाकण तेवढं खाली कुठेतरी अजून गरगरत होतं.

"अहो, मी आले असते की!" सोबोटकाबाई म्हणाल्या. "मला काय माहीत! असलं तोंडाने सांगायचं असतं, ब्रिंकमानसाहेब. तोंडाने!" आणि त्यांनी दार लावून घेतलं. एकेक करून सगळ्यांनीच लावलं. लोथार तीन वाजेपर्यंत फडक्याने पायऱ्यांवरचं सॅलड पुसत होता, अगदी हळू. मग त्याने वही उघडली आणि प्रामाणिकपणे नोंद केली. 'जिना. खुर्च्या, नऊ. प्रचंड. ब्रिंकमान.'

रविवारी सकाळी तो बेकरीतून अख्खा केक घेऊन आला. सोबोटकाबाईंच्या दारासमोर उभा राहिला. बेलपर्यंत बोट नेलं. मग खाली जाऊन नोटीस लावली.

'कालच्या आवाजाबद्दल दिलगिरी. आज दुपारी चार वाजता कॉफी आणि केक. स्थळ, ब्रिंकमान यांचे घर. सर्वांसाठी जागा उपलब्ध आहे.'

स्थळ या वेळी त्याने दोनदा अधोरेखित केलं. खालून खुर्च्या वर आणल्या, टेबलाभोवती मांडल्या, बारा कप पुसले. चार वाजले. सव्वाचार झाले. कॉफी गार होऊ लागली. साडेचारला त्याला राहवेना, तो खाली उतरला. नोटिशीखाली सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या होत्या. अकरा वर्षांत त्यानेच लावलेली शिस्त. 'वाचले. हरकत नाही.' 'वाचले. हरकत नाही.' 'वाचले. हरकत नाही.'

सगळ्यात खाली, पेन्सिलीने, सोबोटकाबाईंचं अक्षर होतं. 'केक कोणता?'

लोथारचा चेहरा उजळला. तो धापा टाकत दोन मजले वर धावला, सोबोटकाबाईंच्या दारावरून आपल्या घरात शिरला, पेन घेतलं, पुन्हा त्यांच्या दारावरून दोन मजले खाली उतरला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चेरीचा.' खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. आणि वर येऊन, शेजारची खुर्ची जरा बाहेर ओढून, उत्तराची वाट पाहत बसला.