लहान पाकिटाचं भाडं

आमच्या शेजारचे नामदेवअण्णा पार्सलांशी बोलतात. मनातल्या मनात नाही, चांगलं खणखणीत आवाजात. पोस्टात न्यायची खोकी ओट्यावर रचली की एकेकावर थाप मारत म्हणणार, "सरका, सरका, मागं लई जागा हाय!" वरचं एखादं घसरलं तर त्याच्यावरच डाफरणार, "दांडी धरायला काय होतं रं तुला?"

अण्णांची सगळी उमर लाल गाडीत कंडक्टरकी करण्यात गेली. निवृत्त होऊन जमाना झाला, पण गडी अजून गाडीतून उतरलेला नाही. कुणाच्या लग्नाला गेले तरी आधी मांडवातली माणसं मोजतात, मग आहेर करतात.

अणदूरच्या आम्हा बायांचा बचत गट आहे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. गावोगावच्या प्रदर्शनात माल खपायचा, तेव्हा मीच उठून म्हणाले, आपण ऑनलाइन दुकान काढू. माझ्या शब्दावर बायांनी दुसऱ्याच्या रानातली खुरपणी सोडली, घरच्यांची बोलणी खाल्ली. दुकान निघालं आणि त्या मेल्या वेबसाइटनं विचारलं, पोस्टाचं भाडं किती लावू? पोस्ट वजनावर घेतं, अंतरावर घेतं. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगावं लागतं. कमी लावलं तर आपण बुडतो, जास्त लावलं तर गिऱ्हाईक पळतं. माझं डोकंच फिरलं.

अण्णा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "हात्तिच्या! हे तर तिकिटाचे टप्पे हायत. द्या हिकडं."

आणि खरंच, अण्णांनी टप्पे पाडले. सोलापूर पहिला टप्पा, पुणं दुसरा, असं करत पार काश्मीरपर्यंत, आणि दरही वेबसाइटवर स्वतःच भरले. एवढं झालं की माणसानं थांबावं ना? नाही.

"आता बायामाणसांना अर्धं लावा," म्हणाले.

"अण्णा, आपलं निम्मं गिऱ्हाईक बायाच आहेत!"

"मंग तर लई पुण्य. आन् म्हाताऱ्या मानसांना फुकट."

"वय कसं कळणार?"

"तोंड बघून कळतंय की."

"वेबसाइटला तोंड दिसत नाही, अण्णा!"

"मंग कसलं तुमचं दुकान," म्हणाले आणि रुसून घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आसामातून एक ऑर्डर आली, तर मला न विचारता त्या माणसाला कळवून मोकळे, 'थेट गाडी नाही, बदलून यावी लागेल, धीर धरावा.' त्या बिचाऱ्यानं उलट विचारलं, भाकरी येणार आहे की पाहुणे?

हसत होतो तोवर हसलो. मग हळूहळू हसू आटलं. ऑर्डरी तर धो धो येत होत्या, आणि गटाच्या पेटीत काही राहत नव्हतं. गयाबाई आमच्या गटाच्या अध्यक्ष. जीभ अशी की चटणीत मिरची कमी पडली तरी चालावं. त्या म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला! आपुन चटणी इकतो का पोस्टाला पोसतो? शनिवारी बैठकीत हिशेब लागला तर बरं. न्हाय लागला तर दुकान बंद. खुरपी काय गंजली न्हाईत आजून."

बाया माझ्या भरवशावर आल्या होत्या. त्यांच्या हातात पुन्हा खुरपं द्यायचं, तर कुठल्या तोंडानं?

बैठक माझ्याच ओसरीत भरली. अण्णा नेहमीसारखे खांबाला टेकून. मी सगळ्यांसमोर दरांचं पान उघडलं आणि एकेक ओळ वाचत गेले. मोठं पाकीट, बरोबर. मधलं, बरोबर. लहान पाकीट, म्हणजे एक भाकरी आणि चिमूटभर चटणी... भाडं शून्य. सोलापूरला शून्य. दिल्लीला शून्य. काश्मीरला शून्य!

माझे कानच तापले. आता कळलं. लहान पाकीट फुकट पोचतंय म्हटल्यावर मोठं कोण घेणार? शहाणी माणसं लहानच मागवत होती, पुन्हा पुन्हा. आणि टपालखर्च आम्ही भरत होतो.

"अण्णा, हे तुम्ही केलं?"

"व्हय."

"चुकून?"

"न्हाय. इचार करून."

गयाबाई उठून उभ्या राहिल्या. "इचार करून? आमच्या लेकराबाळांच्या तोंडचा घास इचार करून वाटला? कुणाला इचारलं व्हतं?"

अण्णांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता रुसून जातील, आणि खरं सांगते, जावं असंच वाटत होतं. इतका राग आला होता.

"एवढुसं पाकीट कोन मागवतंय, गयाबाई?" शेवटी ते म्हणाले. "ज्याच्या घरी दुसरं कुनी न्हाय, त्यो. एकट्यानं जेवनाऱ्याकडून आनि भाडं काय घ्यायचं, आसं वाटलं. आमची गेल्यापासून म्या भी वाण्याच्या दुकानातून एवढुशीच साखर आनतो. दुकानदार पुडी बांधताना दर खेपेला म्हनतो, अण्णा, एवढीच? त्याला काय सांगावं, कळत न्हाय."

माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही. नुसतं भरून आलं. भिंतीला भिंत लागून घर, आणि मला इतक्या दिवसांत विचारायचं सुचलं नव्हतं, हा माणूस जेवतो कुणाबरोबर.

गयाबाई खाली बसल्या. आवाज तोच, पण धार गेलेली. "लहान पाकिटाला भाडं लावा. धंदा हाय ह्यो." अण्णांनी मान हलवली आणि स्वतःच्या हातानं दर बदलले, एकेक टप्पा करत. दुकान चालू ठेवायचं ठरलं. बाया पदर खोचून निघाल्या तशा गयाबाई वळल्या. "अण्णा, सांजच्याला आमच्याकडं पिठलं हाय. या. न्हाय आलात तर ताट घिऊन म्या यीन, मंग गाव काय बोलंल ते तुमचं तुमी बघा."

अण्णा आले. धुतलेला सदरा घालून. गयाबाईंची दोन्ही लेकरं, त्यांचे मालक, मी, सगळेच होतो. अण्णांचं ताट पहिलं वाढलं. पिठल्यावर तेल सोडलं, कांदा फोडून ठेवला. अण्णा हात आवरून ताटाकडं बघत राहिले.

"घ्या की. निवतंय," गयाबाई म्हणाल्या.

"निवू द्या," अण्णा म्हणाले. "सगळ्यांना बसू द्या आधी."