वारा बंद, हँडिकॅप छत्तीस

रूपालीच्या वडिलांनी मला नकार दिला. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. मला कोणीही नकार दिलेला नाही. आता सुरुवात करतो.

सन दोन हजार दोन. अख्ख्या गंगापूर रोडवर माझ्याइतका मोठा गोल्फपटू नव्हता! हे मी म्हणत नाही, कॉम्प्युटर म्हणत होता. मी ज्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो, तिथे गोल्फच्या खेळाची एक सीडी आली होती. सोपं, मध्यम, कठीण अशा तीन पायऱ्या. मी सोपं निवडलं. शिवाय ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशांसाठी त्यात खास सोयी होत्या: नेम आपोआप, जोर आपोआप, वारा बंद. आपण फक्त एक बटण दाबायचं. मी सगळ्या सोयी चालू केल्या. सोय असून न वापरणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडणं!

दीड वर्षाच्या तपश्चर्येनंतर पडद्यावर अक्षरं उमटली: हँडिकॅप ३६. म्हणजे काय ते मी पाहिलं नाही. पत्रिकेत छत्तीस गुण म्हणजे पैकीच्या पैकी. इथे वेगळं काय असणार!

रूपाली त्याच क्लासात प्रवेश घ्यायला आलेल्यांचे फॉर्म भरायची. आमचं दोघांचं ठरलं होतं. फक्त तिच्या वडिलांचं ठरायचं होतं. म्हणून आम्ही एकमेकांना कधी पाहिलंच नाही अशा थाटात, मध्यस्थामार्फत, माझा बायोडाटा पिंपळगाव बसवंतला रवाना झाला.

"छंदात काहीतरी भारी लिही," रूपालीने बजावलं होतं. "बाबा एकदा नाही म्हणाले, की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाहीत. एकच संधी आहे, ज्ञानेश!"

मी लिहिलं: छंद गोल्फ, हँडिकॅप ३६. कॉम्प्युटरने नेमकी मधोमध ओळ तोडली. गोल्फ वरच राहिला. हँडिकॅप खाली उतरून रक्तगटाशेजारी जाऊन बसला.

रविवारी रूपालीचे वडील बहिरूअण्णा आणि तिची आत्या कुसाबाई आमच्या घरी आले. मी दार उघडलं, तर अण्णा थेट माझ्या पायांकडे बघताहेत! मी चहाचा ट्रे आणला, तर आत्या धावलीच. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! सांडंल!" तिने ट्रे काढून घेतला. मी गुपचूप पँटची चेन तपासली. बंद होती. म्हणजे भानगड त्याहून मोठी होती!

अण्णांनी घसा खाकरला. आवाज एकदम खाली आणला. "ते... छत्तीस... कधीपास्नं हाय?"

गोल्फ! माझा जीव भांड्यात पडला.

"दीड वर्ष लागलं. आधी अठराच होतं. मेहनत करून वाढवलं!"

"वाढवलं?"

"अजून वाढवणार!"

आत्याने तोंडाला पदर लावला. "कुणाला दाखवलं का नाय?"

"मित्रांना दाखवलं ना! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"लय निर्दयी दोस्त हायेत," आत्या पुटपुटली.

"गोल्फ क्लब मैदानावर जात जा रोज," अण्णा म्हणाले. "चालल्यानं बरं वाटतं."

"तिथे काय उपयोग, अण्णा? तिथे गोल्फ फक्त नावात, लोक नुसते चालतात. माझं सगळं बसूनच असतं. हात-पाय हलवायचं काम नाही. हे एक बोट तेवढं चालतं." मी बोट हलवून दाखवलं.

आत्याचे डोळे भरून आले. "अंगावरनं वारं गेलं का रं, लेकरा?"

"वारा? वारा मी स्वतःच घालवला! होता तेव्हा फार त्रास व्हायचा. गेला आणि सगळं सोपं झालं बघा!"

अण्णांनी रुमाल काढून डोळे टिपले. "पोरगं हिमतीचं हाय, कुसा. काय बी लपवलं नाय. एका बोटावर नोकरी करतंय!" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्याकडून होकार समजा."

होकार! माझा आनंद गगनात मावेना. त्यांच्यासाठी रिक्षा आणायला मी तीन-तीन पायऱ्या उतरत खाली धावलो, रिक्षा थांबवली, आणि सांगायला तसाच धावत दुसऱ्या मजल्यावर परत आलो.

अण्णा जिन्यात उभे होते. चेहरा कोल्ड स्टोरेजसारखा.

"पाय चालत्यात?"

"चालतात की!"

"हात?"

मी दोन्ही हात गरागरा फिरवून दाखवले. "हे बघा!"

"अन् वारं?"

"ते कॉम्प्युटरमधलं, अण्णा. खेळ आहे तो!"

अण्णांनी मघाचा ओला रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाले, "वारं गेल्याला माणूस एका बोटावर कमावतो, म्हणून मला रडू आलं. अन् तू धडधाकट असून दीड वर्ष एक बोट हलवतोस?"

रिक्षा त्यांना होकारासकट घेऊन गेली. संध्याकाळी रूपालीने सीडीसोबतचं माहितीपत्रक वाचून फोनवर कळवलं, की त्या खेळात छत्तीसपेक्षा वाईट खेळताच येत नाही. हँडिकॅप जितका जास्त तितका खेळाडू कच्चा, आणि ते आकडे तिथेच संपतात. मग तिने फोन ठेवला, आणि मी कागद घेतला.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गोल्फचा खेळ बनवणारी कंपनी, परदेश.

विषय: जादा एक सोय मिळणेबाबत.

महोदय, आपल्या खेळात वारा बंद करण्याची सोय आहे, त्याबद्दल आभार. तथापि मुलीचे वडील सोपे, मध्यम की कठीण, हे निवडण्याची सोय कुठेही आढळून येत नाही. सध्या ते कठीणवर अडकले आहेत. तरी त्यांना निदान मध्यमवर आणणारे बटण तुळशीच्या लग्नाआधी उपलब्ध करून द्यावे, ही नम्र विनंती.