रज्जाकचाचांची मुदत

रज्जाकचाचांच्या हाती लागलेला कागद लॅमिनेट झाल्याशिवाय सुटत नसे. रेशनकार्ड, जन्माचा दाखला हे समजू शकतो, पण चाचांनी मिक्सरचं गॅरंटी कार्डही प्लॅस्टिकमध्ये घातलं होतं. एकदा डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधांची चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट केली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना तिच्यावर एक गोळी वाढवायची होती. पेन चालेना, तेव्हा डॉक्टर चाचांवर घसरले.

"कागद म्हणजे पापड, बाबा," चाचा म्हणत. "पनवेलच्या हवेत नरम पडायला वेळ नाय लागत."

हे 'बाबा' सगळ्यांनाच असे. मला, रिक्षावाल्याला, तहसीलदाराला आणि दुकानात येणाऱ्या मांजरालाही.

एसटी स्टँडजवळच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्स, टायपिंग आणि अर्थातच लॅमिनेशनचं दुकान. भिंतीला भिंत लावून माझं चष्म्याचं. चाचा सतरा वर्षं कुवेतला एका गोदामात स्टोअरकीपर होते. कागद जपायची खोड तिथली. चाची जाऊन सहा वर्षं झाली होती, दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. टायपिंगमध्ये चाचांची खासियत म्हणजे लग्नाचे बायोडेटा. म्हात्र्यांच्या मुलापासून काझींच्या मुलीपर्यंत आसपासची निम्मी लग्नं आपल्या कीबोर्डावरून गेली, असा त्यांचा दावा होता आणि तो अगदीच खोटा नव्हता.

तेव्हा स्मार्टफोन नुकते घरोघरी शिरत होते. चाचांचा जुना कॉम्प्युटर बसला आणि नवा आला. त्यात टायपिंगचं जे ऑफिस सॉफ्टवेअर होतं ते तीस दिवस फुकट, पुढे कोड विकत घेऊन चालू करायचं. रोज सकाळी पडद्यावर उरलेले दिवस दिसत आणि चाचा दारात येऊन ते गल्लीला सांगत. "एकोणीस राहिले, बाबा." "अकरा राहिले." एक दिवस चहावाल्याने घाबरून मला विचारलं, "चाचांची तब्येत बरी आहे ना?"

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा प्रशांत म्हणाला, "चाचा, खर्च कशाला करता? पेन ड्राइव्हवर आणतो, पाच मिनिटांचं काम. अख्खं पनवेल तेच वापरतं."

"वापरू दे. चोरीच्या मालावर निकाहचा कागद टाइप करायचा? त्या संसारात बरकत कुठनं यायची?"

त्यांनी मुंबईहून अस्सल माल मागवला. पुठ्ठ्याचं एक कार्ड आलं. त्यावर चंदेरी पट्टी, पट्टीखाली पंचवीस अक्षरांचा कोड. मुदत संपायला अजून आठ दिवस होते. तेवढे वाया कशाला घालवायचे म्हणून चाचांनी कार्ड नीट जपून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

एका गुरुवारी दुपारी मी डबा उघडतोय, तोच चाचा आले. चेहरा पार उतरलेला.

"पाध्येभाऊ, तुमचं भिंग द्या."

मुदत सकाळीच संपली होती. जुन्या फायली उघडत होत्या, पण त्यांत एक अक्षर लिहिता येत नव्हतं. आणि हातातलं कार्ड? तुम्ही ओळखलंच असेल. चाचांनी ते लॅमिनेट केलं होतं, तेही पट्टी खरवडायच्या आधी. नाणं, किल्ली, नख, सगळं चालवून झालं होतं. पट्टी प्लॅस्टिकच्या आत सुखरूप होती.

मला हसू आवरेना. चाचा मात्र हसत नव्हते. खुर्चीत बसून म्हणाले, "एका गिऱ्हाइकाचा बायोडेटा अर्धा राहिलाय. उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर उरणला पोचायला पायजे. मुलीचा भाऊ शनिवारी मस्कतला चाललाय. त्याच्या हातात कागद पडला नाय, तर वर्षभर बोलणी बंद. तोवर ते काय दुसरं स्थळ बघणार नाय?"

"मग समोरच्या कॅफेत टाइप करून घ्या."

"लोकांच्या घरातला कागद मी दुसऱ्याच्या दुकानात नाय नेत."

"हाताने लिहा."

"माझं अक्षर बघून कोण मुलगी देईल?"

शेवटी मी डबा बंद केला. इस्त्रीवाल्याकडून गरम इस्त्री आणली. कार्डावर फडकं टाकून मी इस्त्री फिरवत होतो आणि चाचा "हळू, बाबा, हळू" करत होते. प्लॅस्टिक सुटलं खरं, पण येताना पट्टी आणि तिच्याखालची छपाईही घेऊन आलं. नऊ अक्षरं कार्डावर राहिली, सोळा प्लॅस्टिकला उलटी चिकटली. आता चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा? मी प्लॅस्टिक आरशासमोर धरलं आणि चाचांनी भिंगातून आरशात बघत एकेक अक्षर उतरवून घेतलं. एक बाई फ्रेम बघायला आल्या होत्या. आमचा एकूण अवतार पाहून त्या उद्या येते म्हणाल्या.

कोड बसला, पण त्या दिवशी इंटरनेट बंद, म्हणून तो चालू करायचं उरलेलं काम कंपनीला फोन लावून करायचं होतं. पलीकडून बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. चाचांनी तिला सलाम केला. आकडे नुसते दाबायचे होते, पण तिला नीट कळावेत म्हणून चाचा ते मोठ्याने सांगतही होते. शेवटी ती धन्यवाद म्हणाली, तेव्हा "सुखी राहा, बेटी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सॉफ्टवेअर सुरू झालं. तासाभराने चाचा छापील बायोडेटा घेऊन आले. "जरा चुका बघा, पाध्येभाऊ," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता माझ्याच फ्रेमा पुसायला लागले.

मी वाचायला लागलो. मुलाचं नाव, अब्दुल रज्जाक मुकादम. वय एकसष्ट. व्यवसाय, टायपिंग. आणि सगळ्यात खाली अपेक्षा: 'शिक्षण, रंग, दागिने, काही नाही. घरात बोलणारी असावी. मुलगा ऐकून घेतो.'

आम्ही रोज दोनदा एकत्र चहा प्यायचो आणि मला याचा पत्ता नव्हता.

"एकही चूक नाही," मी म्हणालो.

"एक अडचण हाय." चाचा अजून तीच फ्रेम पुसत होते. "आमच्यात मुलाने स्वतः बोलायचं नसतं. मुलाकडून कुणी वडीलधारं लागतं. भाऊ होता, तो गेला. जावयांना सांगायची शरम वाटते. तुम्ही याल?"

मुलगा एकसष्टचा आणि त्याचा वडीलधारा त्रेचाळीसचा. शुक्रवारी दुपारी मी दुकान बंद केलं, कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि उरणच्या एसटीत चाचांच्या शेजारी बसलो. वाटेत त्यांनी मला चारदा बजावलं, "सुरुवात तुम्ही करा हां, बाबा."

त्या घरी चहा आला. मुलीच्या भावाने बायोडेटा दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. चाचा मान खाली घालून बसले होते. मी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणालो, "आमचा मुलगा स्वभावाने फार चांगला आहे."