देवाले पाप लागते का?

मारोतराव कापड अर्ध्यावर कापून थांबत. पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक कोणीही असो, शर्टाचं टेरिकॉट असो की परकराचं सुती, कैची मधोमध आली की त्यांचा हात थबकायचा आणि चष्म्यावरून बघत ते विचारायचे, "मले एक सांगा, देवाले पाप लागते का?"

गिऱ्हाईक अडकायचं. अर्धं कापलेलं कापड सोडून जाणार कुठे? मोहगावचा एक शेतकरी पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आला होता. तो बिचारा घाबरून म्हणाला, "लागत असन जी, तुमी म्हणता तं."

"मी कुठं म्हणून राहिलो? मी तं विचारून राहिलो!"

हे त्यांचं पालुपद. "विचारून राहिलो, भांडून नाही राहिलो." हे वाक्य येईपर्यंत भांडण बहुधा सुरू झालेलं असे.

ऐंशी सालानंतर मी पांढुर्ण्याला मास्तर म्हणून आलो आणि दुकानामागच्या त्यांच्या घरात एका खोलीत राहू लागलो. पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप हातात देता देता त्यांनी मला धरलं.

"पहा मास्तर, पोथीतल्या देवाले राग येते. लोभ सुटते. कोणी जरा जास्त तप केलं की इंद्राच्या पोटात दुखते. आता राग आला म्हणजे हातून वेडंवाकडं होतेच. तुमच्या हातून होते, माझ्या हातून होते. देवाच्या हातून झालं तं त्याले काय म्हणावं?"

"लीला," मी म्हणालो. नवीन भाडेकरू, जपून बोललेलं बरं.

"हे बेस हाय! आपली थे चूक अन् त्याची थे लीला?"

आतून त्यांच्या बायकोचा, शांताकाकूंचा आवाज आला, "त्याले पाप लागो नाही तं पुण्य. चहाले साखर लागली का, तेवढं सांगा."

मारोतराव देव मानत नव्हते असं कोणाला वाटेल तर तसं नव्हतं. त्यांच्याइतका देवाच्या मागे लागलेला माणूस मी पाहिला नाही. गावात सप्ताह बसला की ते पहिल्या रांगेत. बुवांनी रामानं झाडाआडून वालीला मारल्याची कथा लावली की हे उभे. "महाराज, एक सवाल होता." बुवा नवे असले की कौतुकानं "विचारा, विचारा" म्हणत आणि मग अर्धा तास पुढची कथा थांबे. एकदा एका बुवांनी विचारलं, "देवाला पाप लागत असतं तर तो देव कसा राहिला असता?" मारोतराव म्हणाले, "तेच तं. अन् लागतच नसन, तं पोथीत तो मागाहून पस्तावते कायले?" बुवांनी घाईघाईनं विठ्ठलाचा गजर सुरू केला.

दुसऱ्या वर्षी मंडळींनी युक्ती केली. मारोतरावांना महाप्रसादाचं प्रमुख केलं. चुलीपाशी माणूस गुंतला की कीर्तन सुखरूप पार पडेल! काल्याच्या दिवशी बुवा नेमके दक्षयज्ञाच्या आख्यानात रंगले आणि शंकर रागावला म्हणताच मंडपाच्या दारात मारोतराव प्रकटले. हातात झारा, झाऱ्यातून तेल गळतंय. "महाराज, रागावला हे ऐकू आलं. मागाहून काय केलं, तेवढं सांगा. बुंदी जळून राहिली."

शनिवारी मात्र दुकान नोकरावर टाकून ते बसनं जामसांवलीला जायचे. तिथला मारुती निजलेला आहे. त्याच्यासमोर तासभर गप्प बसायचे. एकदा मी सोबत गेलो होतो. परतताना म्हटलं, "इथं नाही विचारलं तुम्ही?"

"निजलेल्याले कायले उठवा?" ते म्हणाले. थोडं चालून गेल्यावर पुन्हा बोलले, "अन् ह्यानंही लंका जाळलीच ना, मास्तर. पाळण्यातले लेकरं नसतीन का तिथं? थकून निजला असन बिचारा."

मी हसलो. ते हसले नाहीत.

सहाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला पेपर तपासायला सौसरला जावं लागलं. शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, तिशीच्या, चष्मा नाकावर उतरलेला. मी पांढुर्ण्याचा, बाजारातल्या कापडवाल्यांच्या घरी राहतो असं कळल्यावर त्यांचा लाल पेन थांबला.

"मारोतरावांकडे? अजून गिऱ्हाइकाले अडवतात का ते?"

"तुम्ही ओळखता?"

"मी त्यायची पोरगी. शालिनी."

सहा वर्षांत त्या घरात मुलीचं नाव मी ऐकलं नव्हतं. शालिनीबाईंनी दुसऱ्या जातीच्या मास्तराशी लग्न केलं, त्या दिवशी मारोतरावांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. मुलगी मेली असं सगळ्या गल्लीसमोर सांगून.

"थंडीचे दिवस होते," त्या म्हणाल्या. "विहिरीचं पाणी. दोन दिवस तापानं फणफणले म्हणे." हे सांगताना त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले.

मी त्यांना सप्ताहातला झारा सांगितला, लंकेतली लेकरं सांगितली. निघताना त्या म्हणाल्या, "त्यायले माझा जवाब सांगा. शंकरानं रागात गणपतीचं मुंडकं उडवलं. पाप लागलं का नाही, हे पार्वतीनं विचारलंच नाही. ती म्हणाली, आधी माझं लेकरू मले वापस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात कोणी नव्हतं. मी निरोप सांगितला, कोणाचा आणि पेपर तपासताना कशी भेट झाली तेही सांगितलं. मारोतरावांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. आत भांडी घासायचा आवाज बंद झाला होता.

"पार्वतीनं विचारलंच नाही?"

"नाही."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "कोणत्या वर्गाले शिकवते?"

"तिसरीला."

"तिलेच पाढे येत नव्हते," ते म्हणाले आणि उठून मागे गेले.

शनिवारी सकाळी माझ्या दारात उभे राहिले. "चलता का मास्तर?" धुतलेलं धोतर, हातात पिशवी. जामसांवलीचा फाटा आला, कंडक्टरनं आवाज दिला. मी उठलो तर त्यांनी माझी बाही धरली.

"बसा. सौसरपर्यंत जाऊ."

गाडी सुटल्यावर खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "मले वाटे, पोथीत एखाद्या देवानं माफी मांगली असन, तं आपणही मांगू. साऱ्या पोथ्या चाळल्या. तशी जागा लवकर सापडतच नव्हती."

शालिनीबाईंनी दार उघडलं. वडिलांना बघून त्या तशाच उभ्या राहिल्या. मागे जावई हातातलं वर्तमानपत्र कुठे ठेवावं ते न सुचून उभा. जन्मभर दुसऱ्याला बोलतं करणारा माणूस चपला काढायच्या की नाही, एवढ्यावरच अडला होता. शेवटी लेकीनंच हात धरून आत घेतलं.

चहा झाला. जावयानं पावसाचं विचारलं, मी संत्र्याचं सांगितलं. शालिनीबाई भीत भीत म्हणाल्या, "बाबा, जेवून जाल ना?"

मारोतरावांनी पिशवी मांडीवर ओढली. आतली घडी केलेली बंडी वर डोकावली. "जेवून?" ते म्हणाले. "मी तं दोन दिवस राहाले आलो होतो. चालत असन तं."

मी एकटाच परत आलो. दिवेलागणीची वेळ होती. शांताकाकू ओट्यावर उभ्या होत्या. माझ्यामागे कोणी नाही हे त्यांनी पाहिलं.

"राहिले," मी म्हणालो.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. आत वळल्या, पुन्हा बाहेर आल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "सौसरची सकाळची पहिली गाडी किती वाजता असते हो?"