कामाला कोणी लावलं?

विलास बागूलच्या रिक्षात बसलात तर तो 'कुठे जायचंय?' असं विचारत नाही. आधी विचारतो, "तुम्हाला कामाला कोणी लावलं?"

नवीन माणूस गोंधळतो. एक गृहस्थ तर प्रश्न ऐकून चालत्या रिक्षातून उतरायला निघाले होते, त्यांना वाटलं हा कुठल्या तरी खात्याचा माणूस आहे. पण आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या लोकांना आता सवय झाली आहे. साडी मार्केटात घड्या घालणारी बाई सांगते, "मोठ्या जावेनं." लूमवरचा कारागीर सांगतो, "मन्हा मामानी." विलासचा पुढचा प्रश्न तयार असतो, "आणि मामाला?"

"त्याले त्यान्हा सालानी. आते सालाले कोनी, ते माले माहीत नही भो!"

सिग्नल लागला की विलास सीटखालून लांब वही काढतो आणि निळ्या शाईने लिहितो. नाव, गाव, काम, आणि शेवटचा रकाना, 'लावणारा'. उत्तर अर्धवट राहिलं तर रिक्षा लांबच्या रस्त्याने नेतो.

विलास आणि मी एका गल्लीत वाढलो. दोघांचेही वडील धुळ्याकडून लूमवर आलेले. मी कॉमर्सला गेलो, विलास समाजशास्त्रात एम.ए. झाला. गल्लीतला पहिला एम.ए. त्याच्या आईने पेढे वाटले, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "मग आता लागणार कुठे?" विलास सांगायचा, "शोध चालू आहे." हे तो आजही सांगतो. नोकरीचा शोध की विद्येचा, हे तेव्हाही कळत नव्हतं.

त्याच्या पहिल्या मुलाखतीचा किस्सा गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. रिंग रोडवरच्या एका कापड पेढीत तो गेला. सेठने विचारलं, काय शिकलास? विलास म्हणाला, "समाजशास्त्र."

सेठ सावरून बसले. "कया समाजनुं?"

आता सुरतेत 'समाज' म्हणजे जात, ज्ञाती. समाजाची वाडी, समाजाचं स्नेहसंमेलन, समाजाचा लग्नमेळावा. विलास म्हणाला, "सगळ्याच समाजांचं." सेठना वाटलं, हा सगळ्या ज्ञातींची खबर ठेवणारा मोठा माणूस आहे. त्यांनी चहा मागवला, नाश्ता मागवला, आणि तासाभराने विलास हातात नेमणुकीच्या पत्राऐवजी सेठच्या भाचीचा बायोडेटा घेऊन बाहेर आला. तरीही तो खूश होता. "संजू, एका शब्दाचे दोन अर्थ! यावर निबंध होईल."

पुढे दुसऱ्या सेठकडे पॅकिंगला लागला. महिनाभरात त्याने मालकाच्या टेबलावर आठ पानं ठेवली. शीर्षक होतं, 'दुपारच्या डब्यांचे गट'. कोण कोणाशेजारी बसून जेवतं, कोण कोणाचं लोणचं घेतं आणि कोण घेत नाही, सगळं आकृतीसह. सेठने आकृती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

मग रिक्षा आली. "रिक्षा नाही भो," विलास म्हणतो, "ही तीन चाकांची संशोधनसंस्था."

त्याचा सिद्धान्त असा, की आपल्याकडे माणूस कामाला लागत नाही, त्याला कोणीतरी लावतं. मिरचीचं रोप लावतात तसं. "आपोआप उगवलेलं एकही झाड मला अजून सापडलेलं नाही," तो म्हणतो. पण सापडेल म्हणून तो विचारत राहतो. आणि एक नियम तो कधी मोडत नाही. डेटात खोटं चालत नाही. खोडाखोड नाही, व्हाइटनर नाही. भाजीवाल्या सखूबाईंनी एकदा रागाच्या भरात भावाचं नाव लपवून दिराचं सांगितलं. पंधरा दिवसांनी खरं कळल्यावर विलासने मूळ ओळ तशीच ठेवून खाली लिहिलं, 'उत्तरदाती तेव्हा भावावर नाराज होती.'

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. हा भाग मी बरीच वर्षं कोणाला सांगितलेला नाही.

मी इच्छापोरच्या एका कारखान्यात, ऑफिसात आहे. मामांनी लावलं. चौदा वर्षांपूर्वी आमच्याकडे कामगार कल्याण विभागात एक जागा निघाली. काम काय, तर कामगारांच्या घरी जायचं, अडचणी विचारायच्या, लिहून आणायच्या. जाहिरातीत स्पष्ट होतं, समाजशास्त्राच्या पदवीधरास प्राधान्य. जणू विलासचं माप घेऊन ती जागा शिवली होती. तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या घरी आला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अर्ज, गुणपत्रिका, आणि 'डब्यांचे गट'ची झेरॉक्स. "तू नुसता साहेबांच्या टेबलावर ठेव. पुढचं मी बघतो."

तो अर्ज मी माझ्या खणात ठेवला.

कारणं होती. माझा मेहुणा प्रकाश दोन वर्षं घरी बसून होता, सासूबाई रोज फोन करत होत्या. आणि खरं सांगायचं तर मला विलासची लाज वाटली. हा साहेबांसमोर बसेल आणि त्यांनाच विचारेल, तुम्हाला कोणी लावलं? मग साहेब मला विचारतील, हा नमुना कुठून आणलास? प्रकाश लागला. विलास विचारायचा, "काय झालं रे?" मी सांगायचो, "अर्ज वरती गेलाय." सहा महिन्यांनी त्याने विचारायचं बंद केलं.

वर्षभराने प्रकाश घरी आला आणि हसत हसत म्हणाला, "दाजी, आज तुमच्या मित्राच्या रिक्षात बसलो. मला विचारतो, कामाला कोणी लावलं? मी म्हटलं, दाजींनी, इच्छापोरला, कल्याण विभागात. तर म्हणाला, धन्यवाद. आणि भाडंच घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास नेहमीसारखा आमच्या दारात हजर होता. माझी मुलगी स्नेहल तेव्हा चौथीत होती, तिला तोच शाळेत सोडायचा. मी गॅलरीत उभा राहिलो. आता काहीतरी बोलेल, ओरडेल. त्याने वर पाहून नुसता हॉर्न वाजवला. "चला मॅडम, उशीर होतोय!" एवढंच. त्यानंतर बारावीपर्यंत त्याने तिला सोडलं, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रोज त्या रिक्षात बसून व्हायचं तेच झालं. स्नेहलने समाजशास्त्र घेतलं. बायको माझ्यावर चिडली, "सोडणाऱ्याची रिक्षा तरी बदलायची होती!" पोरगी प्रथम श्रेणीत पास झाली आणि वर्षभर घरी बसली. पाच मुलाखती झाल्या. एका ठिकाणी टायपिंग विचारलं, एका ठिकाणी वडील काय करतात ते. हळूहळू ती जेवताना बोलेनाशी झाली. कोणी विचारलं की म्हणायची, "शोध चालू आहे." मी उठून हात धुवायला जायचो.

मग एका अभ्याससंस्थेची जाहिरात आली. कामगार वस्त्यांत फिरून माहिती गोळा करणारी माणसं हवी होती. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी विलास साड्यांचा एक जड खोका डोक्यावर घेऊन तीन जिने चढून आला. आत चौदा वह्या होत्या.

"घेऊन जा," तो स्नेहलला म्हणाला. "विचारतील, लोक तुमच्याशी बोलतील कशावरून? तेव्हा उघडून दाखव."

"काका, या सगळ्या?"

"डेटा वापरला नाही तर त्याला वाळवी लागते." चहा न घेताच तो खाली गेला.

स्नेहल वह्या चाळू लागली. त्यात प्रकाशची ओळ असणार. पुढे माझं नाव. पोरीला तारीख दिसेल, पद दिसेल, आणि त्या जागेला समाजशास्त्राचा पदवीधर हवा असतो हे तिला माहीत आहेच. मी पण एक वही उचलली, मग दुसरी.

"पप्पा, काय शोधताय?"

"चष्मा."

"डोळ्यांवर आहे."

चौथ्या वहीत सापडली. प्रकाश पाटील, गाव शिरपूर, काम कल्याण विभाग, इच्छापोर. शेवटच्या रकान्यात त्याच निळ्या शाईत, त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तरदात्यास आठवत नाही.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग पहिली वही काढली. पहिल्याच पानावर पहिली ओळ त्याची स्वतःची. विलास बागूल, एम.ए. कामाचा रकाना कोरा. त्यापुढे, मागाहून भरल्यासारखं, 'लावणारा: संजू (अर्ज वरती गेला आहे).' ते खोडलेलं नव्हतं. तो खोडत नाही.

स्नेहलला नोकरी लागली. संस्थेच्या बाईंनी वह्या उघडल्या आणि दोन तास मिटल्या नाहीत म्हणे. त्यांनी विलासलाही भेटायला बोलावलं आहे. तो म्हणाला, "बघू, शर्ट इस्त्रीला टाकावा लागेल."

नंतर एका दुपारी मी त्याच्या स्टँडवर गेलो. रिक्षात बसून तो पंधराव्या वहीत स्नेहलची ओळ लिहीत होता. 'लावणारा' खाली त्याने लिहिलं, 'स्वतः.' आणि माझ्याकडे वही वळवून लहान पोरासारखा हसला. "सापडलं भो! आपोआप उगवलेलं."

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "तिला तू लावलंस. आणि खोटं लिहिण्याची ही तुझी दुसरी वेळ आहे."

त्याचं हसू थांबलं. पेनाचं टोपण त्याने सावकाश लावलं.

"विलास, तो अर्ज..." मी सुरुवात केली. चौदा वर्षं पाठ केलेलं वाक्य पुढे सरकेना. "तो अर्ज मी..."

त्याने वही सीटखाली सारली, रिक्षा सुरू केली आणि मान न वळवता, आयुष्यात पहिल्यांदाच, मला विचारलं, "कुठे जायचंय?"