माशाक कळता नये

७ ऑक्टोबर १९८४, रविवार. दिवाळीची साफसफाई मी माळ्यापासून सुरू केली होती. तिसऱ्या पिशवीत माझ्या लेकीचे, चारूचे नाचाचे घुंगरांचे पट्टे हाती लागले. डाव्या पट्ट्यावरची चार घुंगरं गायब. दोरे कात्रीने नीट कापलेले. उंदीर कात्री वापरत नाहीत. आमच्या घरात इतकं नीटनेटकं नुकसान करणारा माणूस एकच, माझे धाकटे दीर वसंतभावजी.

भावजी पन्नाशीला आलेले, बिनलग्नाचे, मरोळच्या आमच्या दोन खोल्यांत पहिल्यापासून राहणारे. आठवडाभर कारखान्यात फिटर, रविवारी पवईच्या तळ्यावर गळ टाकून बसणार. माशांबद्दल माझी तक्रार नाही, ते घरी येतातच कुठे? माझं भांडण बुचाशी. गळाच्या दोरीला बूच बांधतात, ते पाण्यावर तरंगतं. माशाने तोंड लावलं की बूच बुडतं, मग काठी ओढायची. एवढंच त्याचं काम. दुकानात तयार मिळतं. पण भावजींना तयार चालत नाही.

थर्मासचं बूच असंच गेलं. दोन वर्षं आम्ही थर्मासच्या तोंडात फडकं कोंबतोय. देवघरातल्या कृष्णाचं मोरपीस गेलं, कारण त्याची काडी हलकी. मग माझ्या नव्या स्लिपरच्या टाचेत रुपयाएवढं भोक सापडलं. जाब विचारला, तर शांतपणे म्हणाले, "तुमचो पाय थंय टेकणा नाय, वहिनी. मियां बघलंय." नळाला पाणी आलं की मी हंडे भरायचे, आणि यांनी एक बादली अडवून त्यात बुचं सोडून बघत बसायचं. काही बोललं की एकच मंत्र ऐकवायचे: "माशाक कळता नये, माणसाक दिसूक व्हया."

यंदा तर बुचं वाढायलाच लागली. आधी बोराएवढी होती, मग लिंबाएवढी, गणपतीपर्यंत पेरूएवढी झाली. वरून माझं लाल नेलपॉलिश फासलेलं. एवढं धूड माशाला कळत नाही का, असं मी विचारलं, तर भावजी बुचाला फुंकर घालत बसले.

आणि आता घुंगरं. डिसेंबरात चारूचं गॅदरिंग. पहिल्या रांगेत नाचायचं म्हणून पोरीने वर्षभर हट्ट करून घेतलेली घुंगरं. मी केरसुणी टाकली, पदर खोचला आणि पवईची बस पकडली. काय काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं. वेगळी खोली बघा, हेसुद्धा त्यात होतं.

तळ्याच्या काठावर भावजी पाठमोरे बसले होते. शेजारी परेरा अंकल. अंकल मरोळ गावठाणातले, सत्तरी उलटलेले. भावजींना लहानपणी गळ टाकायला यांनीच शिकवलं. दोघांच्या काठ्या जमिनीत रोवलेल्या आणि प्रत्येक काठीच्या टोकाला दोन-दोन घुंगरं. चारूचीच.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंकलची घुंगरं वाजली. अंकलनी हात पुढे केला. हात हवेत फिरला, डब्यावर आपटला, मग काठीवर आला. तोवर मासा सुटला होता, पण अंकल खुशीत होते.

"वसंत, तुझे डोळे गेले रे," ते हसत म्हणाले. "बूच दिसत नाय म्हणून घुंगरू बांधतो. तळ्यात बैल जुंपतो काय?"

"काय करणार, अंकल. माझ्यासाठी तुम्ही पण जरा कान द्या."

मी चार हातांवर उभी होते, तोंड माझ्याकडे करून अंकल बोलत होते, आणि त्यांना मी दिसत नव्हते. मी काही न दिसण्याइतकी बारीक बाई नाही.

भावजींनी मला पाहिलं. उठून आले, मला बाजूला नेलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "तांबडा बूच पण दिसणा नाय त्यांका आता. त्यांचो पोरगो म्हणता, डोळे गेले काय तळ्यार येणा बंद. त्यांका कळता नये, वहिनी."

मला राग आला. एक तर घरून आणलेला होता, तो वाया चालला होता, त्याचाही आला.

"मागायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"दिली असतात?"

नसती दिली. खोटं कशाला बोलू? तसं त्यांना सांगितलं आणि आल्या पावली परतले. उरलेला माळा आवरला. रात्री भावजींना भात वाढला, आमटी त्यांची त्यांना घ्यायला लावली. डावा पट्टा बघून चारू रडायला लागली. तिला सांगितलं, उंदीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेऊन बसले. पोरीच्या एका पायात चार घुंगरं कमी, हे मला चालणारं नव्हतं. उजव्या पट्ट्यावरचीही चार कापली आणि दोन्ही पाय सारखे केले. कापलेली चार भावजींच्या बुचांच्या डब्यात टाकली, आणि त्यातली माझी नेलपॉलिशची बाटली तेवढी उचलून आणली.